स्कूबा डायव्हिंगचं कार्ड हरवलं किंवा जुनं झालं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डाइव्ह सेंटरच्या काउंटरवर बसलं की हा प्रसंग ठरलेला. समोरचा माणूस पाकीट उघडतो, बँकेची कार्डं, लायसन्स, पुसट झालेल्या पावत्या असं सगळं टेबलावर मांडतो, एकेक कप्पा पुन्हा चाचपतो आणि शेवटी म्हणतो, "घरी राहिलं वाटतं." बरेचदा ते घरीही नसतं. एवढ्या वर्षांत काउंटरच्या अलीकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

कार्ड हरवलं म्हणजे माझं सर्टिफिकेशनही गेलं का?

नाही. मार्कशीट हरवली म्हणून कोणी नापास होत नाही. कार्ड ही फक्त कोर्स पूर्ण केल्याची पावती आहे. खरी नोंद असते ती एजन्सीच्या, म्हणजे कोर्स ठरवून सर्टिफिकेशन देणाऱ्या संस्थेच्या, दप्तरात. तुम्ही कोर्स पूर्ण केलात त्या दिवशी इन्स्ट्रक्टरने तुमचं नाव, जन्मतारीख आणि कोर्सचा दर्जा तिथे कळवला, तेव्हाच ती झाली. नवं कार्ड म्हणजे त्या नोंदीची दुसरी प्रत. त्यामुळे कार्ड कुठे पडलं यापेक्षा त्या नोंदीत तुमच्याबद्दल नेमकं काय लिहिलं आहे, हे जास्त महत्त्वाचं. पुढच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

पोलिसात तक्रार द्यावी लागते का?

नाही. हा पासपोर्ट नव्हे.

नवं कार्ड मागायचं कुणाकडे? जिथे शिकलो त्या सेंटरकडे?

सेंटर शिकवतं, कार्ड एजन्सी देते. सेंटरच्या पाटीवर दोन-तीन एजन्सींची चिन्हं असली तरी तुमचा कोर्स त्यांपैकी एकीचाच झालेला असतो. पॅडी (स्थापना १९६६), नाउई (१९६०), एसएसआय (१९७०), एसडीआय, रेड या नेहमी भेटणाऱ्या एजन्सी. यांच्याकडे थेट वेबसाइटवरून किंवा ॲपमधून अर्ज करता येतो. शिवाय त्या एजन्सीशी जोडलेलं कुठलंही सेंटर तुमच्या वतीने अर्ज करू शकतं, मग तुम्ही शिकलेलं सेंटर जगाच्या दुसऱ्या टोकाला का असेना.

दोन ठिकाणी मात्र वाट थोडी वेगळी आहे. सीमास ही १९५९ साली मोनॅकोत स्थापन झालेली महासंघांची संघटना आहे. तुमचं एक तारा, दोन तारे असं कार्ड ज्या देशाच्या राष्ट्रीय महासंघाने दिलं, त्याच महासंघाकडे चौकशी करायची. आणि ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब, म्हणजे बीसॅक (१९५३), हा मुळात क्लब आहे. तिथे सभासदत्वाची माहिती आणि क्लबची शाखा सांगितलीत की शोध सोपा होतो.

कुठली एजन्सी होती तेच आठवत नाही. सगळीकडे एकदम शोधता येईल का?

नाही. सगळ्या एजन्सींचं मिळून एक सामाईक रजिस्टर असं काही नाही. एकीला दुसरीच्या नोंदी दिसत नाहीत.

आधी घरातच शोधा. लॉगबुकचं (डाइव्हच्या नोंदींच्या वहीचं) मुखपृष्ठ आणि आतले शिक्के पाहा. कोर्सचं पुस्तक रद्दीत गेलं नसेल तर त्याच्या पाठीवर एजन्सीचं नाव असतंच. ईमेलमध्ये सेंटरचं नाव, "डायव्हर" हा शब्द आणि त्या सुट्टीचा महिना टाकून पाहा. कोर्स संपल्यावर काढलेल्या फोटोत मागच्या भिंतीवरचा झेंडा दिसतो का? हा उपाय हास्यास्पद वाटेल, पण लागू पडतो. आणि बरोबर कोर्स केलेल्या मित्राचं कार्ड शाबूत असेल तर प्रश्नच मिटला. एजन्सी, इन्स्ट्रक्टरचं नाव आणि तारीख असं सगळं त्यावर आयतं मिळतं.

अर्जाला काय काय लागतं?

कोर्स करताना दिलेलं पूर्ण नाव, जन्मतारीख, कोर्सचं साल (अंदाजे चालतं), ठिकाण, आठवत असल्यास इन्स्ट्रक्टरचं नाव किंवा क्रमांक, तेव्हाचा ईमेल, एक फोटो आणि शुल्क. शुल्क एजन्सीगणिक वेगळं असतं आणि बदलत राहतं. फोटो पासपोर्टसारखा साधा हवा. मास्क लावलेला, तोंडात रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारं साधन) असलेला फोटो लोक हौसेने पाठवतात आणि तो परत येतो.

एजन्सी म्हणते, या नावाची नोंदच सापडत नाही. आता?

लगेच हातपाय गाळू नका. "सापडत नाही" आणि "नाही" यांत फरक आहे. माझ्या अनुभवात अशा दहांतल्या आठ वेळा नोंद असते, फक्त ती वेगळ्या नावाने किंवा वेगळ्या तारखेने बसलेली असते.

पहिला संशयित स्पेलिंग. आपली नावं रोमन लिपीत लिहिताना एकच नाव चार तऱ्हांनी लिहिलं जातं. दीर्घ ईकाराला कुणी एक अक्षर वापरतं, कुणी दोन. 'व'साठी कुणी एक अक्षर घेतं, कुणी दुसरंच. शेवटचा 'अ' कुणी ठेवतं, कुणी खातं. त्यात फॉर्म ओल्या हाताने, बोटीवरून नुकतंच उतरून भरलेला. तो वाचून संगणकात टाकणाऱ्याला तुमचं नाव आयुष्यात पहिल्यांदाच दिसत होतं.

दुसरा संशयित मधलं नाव. ते कधी पहिल्या नावाला चिकटतं, कधी आडनावाच्या जागी जाऊन बसतं. अर्जात "शोधताना या सर्व प्रकारे पाहावे" असं लिहून तीन-चार रूपं स्वतःच द्या.

तिसरा संशयित, आणि हा सगळ्यांत जास्त फसवतो, तो जन्मतारीख. अमेरिकी पद्धतीत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. आपण ४-७ लिहितो ते ४ जुलै म्हणून, तिकडे ते ७ एप्रिल होतं. दिवसाचा आकडा १२ च्या वर असेल तर चूक लगेच उघडी पडते, १२ च्या आत असेल तर वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. एकदा एक काका आमच्याकडे आले होते. साठीचे, शांत स्वभावाचे, शंभरावर डाइव्ह केलेले. दोनदा ईमेल करून त्यांना "नोंद नाही" असंच उत्तर आलेलं. मी लॉगबुक मागितलं. पानं खाऱ्या पाण्याने फुगून पापडासारखी वाजत होती. कोर्सच्या शेवटच्या पानावरची शाई पसरलेली, पण टॉर्च तिरका धरल्यावर इन्स्ट्रक्टरचा क्रमांक वाचता आला. तो क्रमांक, महिना आणि उलटी केलेली जन्मतारीख टाकली आणि काका सापडले. तारीख उलटी होती आणि आडनावात एक अक्षर जास्तीचं, एवढंच. काका म्हणाले, "म्हणजे एवढी वर्षं मी दुसराच कुणीतरी होतो!"

सापडल्यावर फक्त कार्ड मागवून थांबू नका, नोंदही दुरुस्त करून घ्या. ओळखपत्राची प्रत मागतात, ती द्या.

सगळं करून पाहिलं. नोंद खरोखरच नाही. असं होतं का?

होतं. इन्स्ट्रक्टरने कागद पाठवलेच नाहीत, किंवा सेंटरने शुल्क भरलं नाही म्हणून नोंद अडकली. पूर्वी हे सगळं पाकिटातून टपालाने जायचं, तेव्हा तर गहाळ होण्याला भरपूर वाव होता. माझ्या स्वतःच्या पहिल्या कोर्सचे कागद सेंटरच्या खणात पाच महिने पडून होते. मी विचारायचो, ते म्हणायचे "येतंय, येतंय". शेवटी मी समोर उभा राहून ते पाठवायला लावले.

अशा वेळी आधी इन्स्ट्रक्टर गाठा. विद्यार्थ्यांची कागदपत्रं काही वर्षं जपून ठेवणं इन्स्ट्रक्टरवर बंधनकारक असतं. तो उशिरानेही नोंद करू शकतो. तो भेटत नसेल तर एजन्सीच्या प्रशिक्षण किंवा गुणवत्ता विभागाला लिहा आणि सोबत लॉगबुकची सह्या असलेली पानं, पैसे भरल्याची पावती, तात्पुरतं कार्ड असं जे असेल ते जोडा. पुढच्या कोर्सचं कार्ड असेल तर तो भक्कम पुरावा. ओपन वॉटर हा पहिला कोर्स झाल्याशिवाय त्यापुढचा ॲडव्हान्स्ड कुणी देत नाही, हे एजन्सीलाही ठाऊक आहे.

यातलं काहीच नसेल तर कोर्स पुन्हा करावा लागतो. वाईट वाटतं, मान्य आहे. पण कोर्स दिवस मोजून नाही, कौशल्यं जमतात का हे पाहून पूर्ण होतो. ज्याला पाणी अंगवळणी पडलेलं आहे त्याचा वेळ कमी जातो.

मी शिकलो ते सेंटर बंद पडलं. इन्स्ट्रक्टरही निवृत्त झाले.

काही बिघडत नाही. नोंद एजन्सीकडे आहे.

आणि एजन्सीच बंद झाली असेल तर?

एजन्सी क्वचितच पूर्ण नाहीशी होते. बहुतेक वेळा ती दुसरीत विलीन होते किंवा तिची माणसं नवं घर बांधतात. एनएएसडीएस ही जुनी अमेरिकी एजन्सी १९९९ साली एसएसआयमध्ये विलीन झाली, त्यामुळे तिच्या कार्डधारकांनी एसएसआयचं दार ठोठवावं. वायएमसीएने आपला स्कूबा कार्यक्रम २००८ साली बंद केला, आणि तिथल्या इन्स्ट्रक्टरांनी पुढे एसईआय ही संस्था उभी केली. जुन्या वायएमसीए डायव्हरांनी चौकशीची सुरुवात तिथून करावी. तुमच्याकडे जुनं कार्ड असेल तर मात्र ते फेकू नका. एजन्सी नसली तरी कार्ड दाखवता येतं, आणि त्या जोरावर दुसऱ्या एजन्सीचा पुढचा कोर्स करून नव्या दप्तरात नाव घालता येतं.

लग्नानंतर आडनाव बदललं. जुन्या नावाचं कार्ड चालेल का?

काउंटरवर चालून जातं, पासपोर्टशी नाव जुळत नसल्याने दोन प्रश्न विचारतात एवढंच. पण नवं कार्ड मागवायचंच असेल तर त्याच वेळी नाव बदलून घ्या. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचा कागद लागतो. पुढचा कोर्स नव्या नावाने करून मागची कार्डं जुन्या नावानेच ठेवली तर मोठा घोटाळा होतो. एजन्सीच्या लेखी तुम्ही दोन माणसं होता. एकीकडे ओपन वॉटर, दुसरीकडे नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनच्या हवेवर डाइव्ह करण्याचं कार्ड). अशा दोन नोंदी एकत्र करून मिळतात, पण सांगावं लागतं.

फोटोत मी अठरा वर्षांचा आहे, आता टक्कल पडलंय.

कायदेशीर अडचण काही नाही. हसतील लोक. नव्या कार्डाबरोबर नवा फोटो देता येतो.

लहानपणी ज्युनियर कार्ड मिळालं होतं. मोठं झाल्यावर नवा कोर्स करायचा का?

नाही. पॅडीत १० ते १४ या वयात ज्युनियर ओपन वॉटर मिळतं. १० आणि ११ वर्षांच्या मुलांना १२ मीटरची मर्यादा असते, १२ ते १४ वर्षांच्यांना १८ मीटर, आणि दोघांनाही मोठ्या माणसाची सोबत सक्तीची. पंधरा वर्षं पूर्ण झाली की हे निर्बंध आपोआप सुटतात. कार्डावरचा "ज्युनियर" शब्द मात्र तसाच राहतो, आणि पंचविशीतल्या दाढीवाल्या माणसाने ते कार्ड काढलं की काउंटरवर जरा गंमत होते. तो शब्द काढायचा तर नवं कार्ड मागवा. पोराने दहाव्या वर्षानंतर पाण्याचं तोंड पाहिलं नसेल तर रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचा छोटा कार्यक्रम, तोही करा.

प्लॅस्टिकचं कार्ड घ्यावं की ई-कार्ड?

ई-कार्ड लवकर मिळतं, हरवत नाही, आणि आज जवळपास सगळीकडे चालतं. एसएसआयचं कार्ड तर ॲपमध्येच असतं, प्लॅस्टिकचं हवं असल्यास वेगळे पैसे. मी तरी आता प्लॅस्टिकच्या नादी लागत नाही. एक काळजी मात्र घ्या. डायव्हिंगच्या जागा आणि मोबाइलचं नेटवर्क यांचं फारसं जमत नाही. ॲप नेमकं बोटीवर "पुन्हा लॉगिन करा" म्हणतं. म्हणून कार्ड फोनमध्ये उतरवून ठेवा आणि एक प्रत बरोबरच्या माणसाच्या फोनवर टाका. फोन पाण्यात पडणं हे कार्ड हरवण्यापेक्षा फार दुर्मीळ नाही.

माझ्याकडे सात कार्डं होती, सगळी गेली. सगळी पुन्हा काढू?

गरज नाही. ओपन वॉटर, ॲडव्हान्स्ड, रेस्क्यू डायव्हर या मुख्य शिडीवरचं सर्वांत वरचं कार्ड खालच्या पायऱ्या गृहीत धरतं. रेस्क्यू डायव्हरचं कार्ड असेल तर ओपन वॉटरचं कुणी विचारत नाही.

त्या शिडीच्या बाहेरची कार्डं मात्र वेगळी लागतात. नायट्रॉक्स हे सगळ्यांत पहिलं. ते कार्ड पाहिल्याशिवाय तुम्हाला नायट्रॉक्सचं सिलिंडर देणार नाहीत, आणि देऊही नये. ॲडव्हान्स्ड कोर्सात एक नायट्रॉक्स डाइव्ह केली होती म्हणजे नायट्रॉक्सचं सर्टिफिकेशन झालं असं नव्हे, हा गैरसमज फार पसरलेला आहे. ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा सूट) आणि डीप (खोल डाइव्ह) ही कार्डं तुम्ही जाणार असाल त्या डाइव्हप्रमाणे. टेक्निकल, म्हणजे मनोरंजनाच्या मर्यादांपलीकडे जाणाऱ्या, डायव्हरांनी आपलं प्रत्येक कार्ड काढावं. रीब्रीदरचं (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणाऱ्या यंत्राचं) सर्टिफिकेशन तर त्या त्या यंत्रापुरतंच असतं, एका मॉडेलचं कार्ड दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. तळ्यातल्या माशांच्या ओळखीचं कार्ड आठवण म्हणून काढायचं तर काढा.

उद्या सकाळी सातला बोट आहे आणि कार्ड सापडत नाही. काय करू?

आत्ता, रात्रीच, सेंटरला फोन करा. सकाळी बोटीजवळ येऊन सांगू नका. सात वाजता आम्ही सिलिंडर चढवत असतो. संगणकासमोर कुणी नसतं. आदल्या रात्री कळलं तर एजन्सीच्या ऑनलाइन तपासणीत नाव आणि जन्मतारीख टाकून पाच मिनिटांत काम होतं. सेंटर तुमच्याच एजन्सीचं नसेल तर त्यांना हे करता येईलच असं नाही. मग तुम्हीच एजन्सीच्या साइटवर लॉगिन करून ई-कार्ड उतरवून घ्या.

लॉगबुक दाखवून काही ठिकाणी काम भागतं, पण त्यावर हक्क सांगता येत नाही. सेंटरने नाही म्हटलं तर वाद घालू नका. नोंद पटेना तर इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली उथळ पाण्यात ट्राय डाइव्ह, म्हणजे कोर्स न केलेल्यांसाठीची डाइव्ह, करा. दिवस अगदीच वाया जात नाही.

कार्डावर मुदत छापलेली नाही. बारा वर्षांनी थेट डाइव्हला गेलो तर?

कार्ड शिळं होत नाही, माणूस होतो. मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगची नेहमीची कार्डं कायमची असतात, हे खरं. पण तुम्ही कधीतरी हे शिकला होतात, एवढंच त्यांच्यावरून कळतं. बारा वर्षांनी आलेला माणूस कसा ओळखू येतो सांगू? तो रेग्युलेटर सिलिंडरवर उलटा बसवतो, पाइप डाव्या खांद्यावरून येतो, आणि मग तो स्वतःच थबकून बघत राहतो. जमिनीवर हे चालून जातं. पाण्याखाली मास्कमध्ये पाणी शिरल्यावर हात आठवणीने चालले नाहीत की माणूस नाकाने श्वास घ्यायला बघतो आणि घाबरून वर धावतो. श्वास रोखून वर धावणं किती धोक्याचं, हे कोर्सच्या पहिल्याच धड्यात शिकवलेलं असतं. विसरतं ते हेच.

म्हणून वर्षभर पाण्यात उतरला नसाल तर रिफ्रेशर करा. पॅडीचा रीॲक्टिव्हेट हा कार्यक्रम पूर्ण केलात तर नव्या कार्डावर त्याची तारीख येते. म्हणजे जुनं कार्ड बदलायचं आणि हात सैल करायचे, ही दोन्ही कामं एकत्र उरकतात. इतर एजन्सींचेही असे रिफ्रेशर आहेत. इस्रायलसारख्या देशात तर सहा महिने खंड पडला तरी आधी तपासणीची डाइव्ह करावी लागते. आरोग्याचा फॉर्म दर वेळी वेगळा भरायचा असतो, त्याचा कार्डाशी संबंध नाही. तिथे रक्तदाबाची गोळी लपवू नका.

मग मुदत कुठल्या कार्डांना असते?

तात्पुरत्या कार्डाला असते, तारीख त्यावरच छापलेली असते. प्रथमोपचाराच्या इमर्जन्सी फर्स्ट रिस्पॉन्सची मुदत २४ महिने. डाइव्हमास्टर (डाइव्हचं नेतृत्व करणारा व्यावसायिक) आणि इन्स्ट्रक्टरांना दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. पॅडीत अर्धा कोर्स एकीकडे आणि उरलेला दुसरीकडे करायचा असेल तर त्याचा रेफरल कागद १२ महिने चालतो.

माझ्या वडिलांचं "बेसिक डायव्हर" असं जुनं कार्ड आहे. ते अजून धरतात का?

धरतात, पण सेंटर त्यांच्याशी बोलून ठरवेल. चिन्ह बदललं, रंग बदलला, दर्जाचं नाव बदललं तरी कार्ड बाद होत नाही. त्या पिढीने बीसीडीशिवाय (हवा भरून तरंगणं सांभाळणाऱ्या जाकिटाशिवाय) किंवा डाइव्ह कॉम्प्युटरशिवाय शिकलेलं असू शकतं, म्हणून आजच्या सामानाची ओळख आधी करून घ्यावी. एजन्सीला विचारलं तर आजच्या कुठल्या दर्जाशी ते जुळतं हे सांगते. बाकी पाण्यातला शांतपणा म्हणाल तर ही मंडळी आम्हालाच शिकवतात.

सुट्टीत एकदा डाइव्ह केली होती, सर्टिफिकेटही मिळालं होतं. त्याचं कार्ड मिळेल?

ती ट्राय डाइव्ह होती. इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून होता, आठवतंय? ते प्रशस्तिपत्र आठवणीसाठी असतं. सर्टिफिकेशन झालेलं नसल्याने कार्ड हरवण्याचा प्रश्नच येत नाही.

एका एजन्सीचं कार्ड देऊन दुसरीचं घेता येतं का?

थेट अदलाबदल होत नाही. तशी गरजही पडत नाही. मोठ्या एजन्सी एकमेकींची कार्डं मानतात, कारण स्वतंत्रपणे डाइव्ह करणाऱ्या डायव्हरचा किमान दर्जा आयएसओ २४८०१-२ या मानकात ठरलेला आहे आणि त्यांचे ओपन वॉटर कोर्स त्याला धरूनच असतात. सीमासच्या कार्डाबद्दल कुठे अडलं तर समतुल्य दर्जा विचारा. नव्या एजन्सीत जायचंच असेल तर पुढचा कोर्स तिच्याकडे करा.

तोवर भावाचं कार्ड वापरू का? चेहरा सारखाच आहे.

नको. अपघात झाला तर विमा हात वर करेल, आणि बोटीवरचे लोक वेगळ्याच माणसाच्या नावाने मदत मागत बसतील. कोर्स न करता "कार्ड काढून देतो" म्हणणाऱ्यालाही हेच उत्तर.

नवं कार्ड आलं. आता?

उघडल्या उघडल्या नाव, जन्मतारीख आणि दर्जा वाचा, चूक असेल तर त्याच दिवशी कळवा. मग कार्डाचा क्रमांक, तारीख आणि इन्स्ट्रक्टरचा क्रमांक लॉगबुकच्या शेवटच्या पानावर लिहा. पेन्सिलने लिहा, पाण्यात पेन्सिल पसरत नाही. आणि जुनं कार्ड पुढच्या आठवड्यात वेटसूटच्या पिशवीत, दोन हातमोज्यांच्या मधे सापडेल.